पाठ टाचणातला तंत्रज्ञानाचा रकाना: काय भरावं आणि काय गाळावं

प्रश्न असा आहे: बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची छात्राध्यापिका, आंतरवासितेला जिल्हा परिषदेची शाळा मिळाली आहे, सातवीला भूगोल आणि विज्ञान शिकवायचं आहे. वर्गात ३४ मुलं, भिंतीवर ४३ इंची टीव्ही, एक इन्व्हर्टर, वीज दुपारी जाते. पाठ टाचणात प्रत्येक पाठाला ‘आयसीटीचा वापर’ (आयसीटी म्हणजे माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) हा रकाना भरावा लागतो आणि शेवटी ‘शिक्षण आणि वर्गातलं तंत्रज्ञान’ यावर चिंतन लिहून द्यायचं आहे. काय वापरावं, कसं वापरावं आणि चिंतनात नेमकं काय लिहावं?

आधी त्या रकान्याबद्दल. तो ‘कोणतं साधन?’ असं विचारतो, म्हणून बहुतेक जण तिथे ‘पीपीटी, व्हिडिओ’ लिहून मोकळे होतात. टाचण लिहायला बसाल तेव्हा तो रकाना रिकामा ठेवा. आधी पाठ वाचून एकच गोष्ट शोधा: या पाठात मुलं नेमकी कुठे अडखळतात? ती जागा एका वाक्यात लिहा. ‘संबोध अवघड आहे’ असं मोघम लिहून भागत नाही. ‘चंद्रकला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं मुलांना वाटतं’ इतकं नेमकं लिहा. मग विचारा, ही अडखळ कशामुळे आहे? गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही, फार लहान आहे, फार लांब आहे, फार सावकाश घडते, म्हणून? की हातात घेऊन फिरवून बघायला मिळत नाही म्हणून? की मुलाला मजकूर वाचताच येत नाही म्हणून? की कोणाला समजलं आणि कोणाला नाही हे शिक्षकालाच कळत नाही म्हणून? प्रत्येकावर साधन वेगळं आहे आणि निम्म्या वेळा ते साधन टीव्ही नसतं.

तुमच्या अभ्यासक्रमात मिश्रा आणि कोहलर यांची २००६ ची टीपॅक चौकट असेल. आशय, अध्यापन आणि तंत्रज्ञान अशी तीन वर्तुळं. परीक्षेत ती काढून नावं दिली की गुण मिळतात. पण ती चौकट शिक्षणतज्ज्ञ शुलमन यांच्या १९८६ च्या मांडणीवर उभी आहे आणि त्या मांडणीचा गाभा हाच की विषय येणं वेगळं आणि त्या विषयात मुलं कुठे चुकतात हे ठाऊक असणं वेगळं. तिसरं वर्तुळ या दुसऱ्या जाणिवेला जोडलं तरच उपयोगाचं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा बातम्यांत क्यूआर कोडचीच चर्चा झाली. त्याआधीची पायरी मात्र मागे पडली: मुलांची घरची भाषा वेगळी आहे हे ओळखून त्यांनी पाठ्यपुस्तकांचा मजकूर मुलांच्या भाषेत नेला. अडखळण्याची जागा भाषा होती, कोड हा त्या मजकुराकडे जायचा दरवाजा. दरवाजाच्या आत काय आहे, हे आधी ठरवायला हवं.

आता एक पाठ जवळून बघू. सातवीच्या भूगोलात ‘सूर्य, चंद्र व पृथ्वी’ हा पाठ सुरुवातीलाच येतो. त्यातली अडखळ वर लिहिलीच आहे: पृथ्वीची सावली. हा गैरसमज चिवट आहे, कारण ग्रहणाची आकृती मुलांनी पाहिलेली असते आणि ती आठवणीत पक्की बसते. ‘सावलीमुळे नाही बरं का’ असं दहादा सांगून तो जात नाही. मुलाच्या हाती त्याच्या समजुतीला धडकणारी गोष्ट द्यावी लागते.

सगळ्यांत चांगली गोष्ट आकाशातच आहे आणि तिला वीज लागत नाही. शुक्ल अष्टमीला चंद्र दुपारी बाराच्या सुमारास उगवतो आणि सूर्य मावळतीला जाताना डोक्यावर असतो. म्हणजे दुपारी चारच्या सुट्टीत सूर्य पश्चिमेकडे आणि अर्धा चंद्र पूर्वेकडच्या आकाशात, दोन्ही एकाच वेळी दिसतात. मुलांना मैदानात उन्हात उभं करा, पाठ सूर्याकडे नको आणि तोंडही नको, सूर्य उजव्या खांद्याकडे राहू द्या. सूर्याकडे थेट पाहायचं नाही हे आधी बजावा. प्रत्येकाने हात लांब करून पांढरा चेंडू किंवा एक लिंबू चंद्राच्या शेजारी धरायचं. लिंबावर ऊन जेवढं आणि ज्या बाजूने पडलेलं दिसतं, तेवढाच आणि त्याच बाजूने चंद्र उजळलेला दिसतो. इथे मुलं गप्प होतात, कारण लिंबावर पृथ्वीची सावली पडलेली नाही हे समोर दिसत असतं. कृष्ण अष्टमीला हेच सकाळच्या परिपाठाला करता येतं, तेव्हा चंद्र पश्चिमेकडे असतो.

अडचण एवढीच की हा पाठ वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे ऐन पावसाळ्यात शिकवायचा असतो. जून ते सप्टेंबर ढगांमुळे चंद्र कैक दिवस दिसत नाही. इथे स्टेलेरियम कामी येतं. ही आकाशदर्शनाची मोफत संगणक प्रणाली आहे, एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालते. ‘आयसीटीचा वापर’ या रकान्यात हे लिहायला इथे खरं कारण आहे: जे पाहायचं ते ढगांआड आहे आणि ते बदलायला पंधरा दिवस लागतात.

करायचं असं. शाळेच्या संगणकावर किंवा तुमच्या लॅपटॉपवर स्टेलेरियम चालू करा. एफ६ दाबून स्थान तुमच्या तालुक्याचं ठेवा; नाहीतर ते दुसऱ्याच देशातलं आकाश दाखवतं आणि चंद्राची झुकण वेगळी दिसते. एफ५ दाबून तारीख शुक्ल द्वितीयेची आणि वेळ संध्याकाळी सातची करा. काळ आपोआप पुढे सरकत असतो, तो क्षणभर थांबवून ठेवा. दृश्य पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत मावेल इतकं लांब न्या. आता चंद्र ठिपक्याएवढा दिसेल, कारण आकाशात तो अर्ध्या अंशाचाच असतो. एफ४ मध्ये चंद्र मोठा दाखवायची सोय आहे, ती चालू करा. मग ‘=’ ही कळ एकदा दाबली की तारीख एक दिवस पुढे जाते, वेळ मात्र सातचीच राहते. दर दाबेला चंद्र साधारण १२ अंश पूर्वेकडे सरकतो आणि फुगत जातो. द्वितीयेला पश्चिमेला कोर, अष्टमीला डोक्यावर अर्धा, पौर्णिमेला पूर्वेला उगवता पूर्ण.

इथेच बहुतेक पाठ बिघडतात. कळ भराभर दाबली की मुलांना ती गंमत वाटते, ‘वाव’ म्हणतात आणि वही कोरी राहते. म्हणून दर तीन-चार दिवसांनी एक थांबा घ्या आणि पुढच्या थांब्याकडे जायला कळ दाबण्याआधी विचारा: ‘पुढच्या थांब्याला सात वाजता चंद्र कुठे असेल? वहीत बाण काढा.’ ३० सेकंद द्या. मग दाबा. द्वितीया, पंचमी, अष्टमी, एकादशी, पौर्णिमा अशा पाच थांब्यांना मिळून दहा मिनिटं लागतात आणि तेवढी लागू द्या. अंदाज आधी लिहिलेला नसेल तर समोर काहीही दिसलं तरी मुलाला वाटतं की आपल्याला हेच माहीत होतं.

त्यानंतर चेंडू आणि दिवा. ९ वॅटचा एलईडी बल्ब, शेड न लावता, मुलांच्या डोक्याच्या उंचीवर. पेन्सिलीला टोचलेला सहा-सात सेंटिमीटरचा थर्माकोलचा किंवा प्लास्टिकचा चेंडू. एका बल्बभोवती दहाच्या वर मुलं उभी करू नका, सावल्या एकमेकांवर पडतात. ३४ मुलांना तीन बल्ब, किंवा एक बल्ब आणि तीन पाळ्या. उरलेल्यांनी तेवढ्यात निरीक्षणाची आकृती पूर्ण करायची. मुलाचं डोकं म्हणजे पृथ्वी, चेंडू म्हणजे चंद्र. बल्बकडे तोंड करून चेंडू हात लांब करून धरला की अमावास्या. मग डावीकडे वळत जायचं. पाव वळणावर चेंडूचा उजवा अर्धा भाग उजळतो, ती शुक्ल अष्टमी. उजवीकडे वळलं तर क्रम उलटा होतो आणि वर्गात निम्मे एक सांगतात, निम्मे दुसरं. म्हणून जमिनीवर खडूने बाण काढून ठेवा. बल्बकडे पाठ झाली की बहुतेक मुलांच्या डोक्याची सावली चेंडूवर पडते आणि ती ओरडतात, ‘बाई, बघा, सावली!’ ही घटका दवडू नका. चेंडू डोक्यापेक्षा जरा वर धरायला सांगा: सावली गेली, पौर्णिमा राहिली. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंश कललेली आहे, म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही, हे तिथल्या तिथे कळतं. जुनी समजूत आणि नवी समजूत एकाच चेंडूवर शेजारी शेजारी दिसतात.

वर्ग काळोखा होत नसेल तर (खिडक्यांना बऱ्याच ठिकाणी झडपाच नसतात) बल्ब मुलांपासून दीड मीटरच्या आत ठेवा आणि पांढऱ्या भिंतीपासून लांब. भिंतीवरून परतलेला उजेड चेंडूच्या काळ्या बाजूवर पडला की कडा पुसट होते. वीज गेली तर मोबाईलची बॅटरी चालते, पण तिचा झोत एकाच दिशेला जातो, म्हणून तीन-चार मुलांचाच गट करा.

घरी द्यायचं काम: भिंतीवरच्या दिनदर्शिकेतून पौर्णिमेच्या पुढच्या संकष्टी चतुर्थीची चंद्रोदयाची वेळ उतरवून आणा. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. संकष्टीला ही वेळ साधारण साडेआठ ते दहाच्या दरम्यान छापलेली असते. का? चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, तीन-चार दिवसांत अडीच-तीन तास झाले. घरात कोणी उपास करत असेल तर हे गणित मुलाला आजीला समजावून सांगता येतं. या कामाला फोन लागत नाही आणि ३४ पैकी ३४ जणांना ते करता येतं.

शेवटी कोणाला कळलं ते बघायचं. एक प्रश्न फळ्यावर: ‘अष्टमीला चंद्राचा अर्धा भाग अंधारा दिसतो, कारण…’ अ) त्यावर पृथ्वीची सावली असते, ब) तो ढगांमागे असतो, क) त्या भागावर सूर्यप्रकाश पोचत नाही आणि तो भाग आपल्या बाजूला असतो, ड) चंद्राचा तो भाग काळ्या दगडाचा आहे. पर्याय असे करा की चुकीचा पर्याय निवडणाऱ्याची चूक कोणती ते तुम्हाला लगेच कळावं. प्रत्येक मुलाकडे ए-चार कागदाची चार भागांत घडी, प्रत्येक भागावर ठळक अ, ब, क, ड. ‘तीन म्हटल्यावर’ सगळ्यांनी एकदम छातीशी धरायचं. दोन तृतीयांशांपेक्षा कमी ‘क’ आले तर पुढचा मुद्दा सुरू करू नका. ‘अ’ धरणाऱ्यांना परत बल्बजवळ न्या.

याच कामासाठी प्लिकर्स हे ॲप आहे. मुलाला एक काळा-पांढरा ठसा छापलेला कागद, तो चार दिशांना फिरवून चार उत्तरं. शिक्षकाने फक्त आपला फोन वर्गावरून फिरवायचा. प्रत्येकाचा ठसा वेगळा असल्याने शेजाऱ्याचं पाहून उपयोग नाही आणि नावानिशी नोंद राहते. पण फोनला डेटा लागतो, मुलाचं बोट ठशाच्या काळ्या कडेवर आलं की तो वाचला जात नाही आणि कार्ड चकचकीत लॅमिनेट केलं तर उजेड परावर्तित होऊन निम्मी कार्डं सुटतात. साध्या जाड कागदावर छापा. नोंद ठेवायची असेल तर प्लिकर्स, फक्त पुढे जायचं की थांबायचं एवढंच ठरवायचं असेल तर घडीचा कागद.

आता टीव्ही. ४३ इंची पडद्याची उंची साधारण ५३ सेंटिमीटर असते. मजकूर वाचायचा असेल तर पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब बसू नये असा ढोबळ नियम आहे. म्हणजे सव्वातीन मीटर, साडेदहा फूट. वीस फुटी वर्गात मागच्या तीन ओळी त्याच्या बाहेर जातात. ही मुलं चित्र बघतात, अक्षरं वाचत नाहीत, आणि हे सांगतही नाहीत. म्हणून टीव्हीच्या पाठाला बाकांची रचना मोडा, मुलांना अर्धगोलात पुढे घ्या. तसं शक्य नसेल तर सरकचित्रावर (स्लाइडवर) सहा ओळींच्या वर मजकूर नको आणि अक्षर ४८ पॉइंटच्या खाली नको. देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार आणि जोडाक्षरं असल्याने इंग्रजीला चालतो तो आकार आपल्याला पुरत नाही. आदल्या दिवशी शेवटच्या ओळीत, मुलं जिथे बसतात तिथे, त्यांच्याच उंचीवर बसून वाचून बघा. मुलं जमिनीवर बसत असतील आणि टीव्ही सुरक्षेसाठी सात फुटांवर टांगला असेल तर पुढच्या ओळीची मान दुखते. समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब पडद्यावर पडत असेल तर तुमची तासिका किती वाजता आहे त्या वेळीच तपासा. सकाळी ठीक दिसलेला पडदा दुपारी आरसा होतो.

पेनड्राइव्ह लावून चालवणं हाच सर्वांत भरवशाचा मार्ग. त्यात काय बिघडतं ते ध्यानात ठेवा. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल त्यावर जात नाही. दुसऱ्या पद्धतीचा केला तर काही टीव्ही तो ओळखतच नाहीत. व्हिडिओ एमपी४ असूनही नुसता आवाज येतो आणि पडदा काळा राहतो, तेव्हा आतली बांधणी टीव्हीला न समजणारी असते. नव्या फोनवर चित्रित केलेल्या व्हिडिओंत हे होतं. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जुनी एच.२६४ बांधणी निवडा. पीपीटी बहुतेक टीव्हींना उघडत नाही. सरकचित्रं जेपीजी चित्रं म्हणून साठवा. मराठी नावाच्या फाईल्स टीव्हीवर चौकोन होऊन दिसतात, म्हणून नावं नुसत्या आकड्यांनी द्या, क्रमही तोच राहील.

फोन थेट टीव्हीला जोडायची केबल विकत घेण्याआधी बघून घ्या: स्वस्त फोनच्या टाईप-सी खाचेतून चित्र बाहेर येतच नाही. मिराकास्टला (फोनचा पडदा केबलशिवाय टीव्हीवर दाखवायची सोय) इंटरनेट लागत नाही, पण फोन आणि टीव्ही दोघांत ती सोय हवी. फोनचा पडदा टीव्हीवर दिसत असताना आलेला प्रत्येक निरोप ३४ मुलं वाचतात. फ्लाइट मोड लावा, मग फक्त वायफाय परत चालू करा.

इन्व्हर्टरचं गणित सोपं आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. गळती वजा जाता अकराशे-बाराशे हाती लागतात. ४३ इंची टीव्ही ८० ते १०० वॅट घेतो, म्हणजे शाळेचा दिवस निघतो. प्रोजेक्टर २५०-३०० वॅटचा, त्याला चार तास. मात्र त्याच इन्व्हर्टरवर कार्यालयातला लेसर प्रिंटर असेल तर तो तापताना एकदम मोठा भार ओढतो आणि इन्व्हर्टर बसतो. तासिकेआधी कार्यालयात सांगून ठेवा. प्रोजेक्टर असेल तर अचानक वीज जाणं त्याला घातक: पंखा थांबतो आणि दिवा तापलेलाच राहतो. तो इन्व्हर्टरशिवाय लावू नका.

दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपबद्दल थोडक्यात. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन होत नसेल (पान चुरगळलेलं, शाई पुसलेली) तर त्याखाली छापलेला सहा अक्षरी संकेत ॲपमध्ये टाईप करता येतो. आशय घरून उतरवून आणा, वर्गात शोधत बसू नका. आणि अख्खा व्हिडिओ लावू नका. आधी पूर्ण बघा, तुमच्या अडखळीचा दीड-दोन मिनिटांचा तुकडा निवडा, बाकीचा सोडा. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून लावा आणि मुलांना बोलू द्या, दुसऱ्यांदा आवाजासह. पडद्यावरची अक्षरं, निवेदकाचा आवाज आणि तुमचा आवाज तिन्ही एकदम सुरू झाले की मूल कशाकडेच नीट लक्ष देऊ शकत नाही. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी बहुमाध्यमी अध्ययनावर जे काम केलं त्यात हा मुद्दा वारंवार येतो. कोकणात पत्र्याच्या शाळेत पावसाळ्यात टीव्हीचा आवाज तसाही पोचत नाही, तिथे मुका व्हिडिओ आणि फळ्यावर पाच शब्द हेच चांगलं चालतं.

भाषेकडे डोळ्यांत तेल घालून बघा. बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. राज्य शासनाने २०२२ मध्ये पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले आहेत. सातवीला फरक पडत नाही, पण पहिली-दुसरीच्या सरकचित्रांत हे चुकलं तर मूल पुस्तकात एक आणि पडद्यावर दुसरं अक्षर बघतं. युनिकोडमध्येच टाईप करा. जुन्या फॉन्टमधली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हं दिसतात. शाळेत नेताना पीडीएफ करून न्या.

त्याहून मोठा धोका उसन्या शब्दांचा आहे. हिंदी व्हिडिओ आणि आता एआयकडून तयार करून घेतलेले प्रश्न, दोन्हींत आपले पारिभाषिक शब्द बदलतात. अपूर्णांकाला ‘भिन्न’, काटकोनाला ‘समकोण’, मूळ संख्येला ‘अभाज्य संख्या’, परिघाला ‘परिधी’. मुलाला गणित येत असतं, शब्द कळत नाही आणि चूक गणिताच्या खात्यावर जमा होते. एआयचा उपयोग जरूर करा, विशेषतः एकाच प्रश्नाचे पाच सोपे-अवघड प्रकार काढायला किंवा ‘या प्रश्नात मुलं कोणकोणत्या चुका करतील’ हे सुचवायला. पण प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवून बघा, प्रत्येक संज्ञा बालभारतीच्या पुस्तकाशी ताडून घ्या आणि मुलांची नावं, गुण किंवा घरची माहिती त्यात टाकू नका.

फोटोंचंही तसंच. पाठाचे फोटो फाईलला लागतात म्हणून मुलांचे चेहरे स्टेटसवर आणि गटांवर फिरतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती सांगितली आहे. फाईलला मुलांचे हात, वह्या, चेंडू धरलेली पाठमोरी रांग पुरेशी आहे. साधनाचा वापर त्यातूनही सिद्ध होतो.

फोनवरचा गृहपाठ देण्याआधी वर्गात चौकशी करा: घरात फोन कोणाचा, तो संध्याकाळी घरी असतो का, डेटा कोण भरतं. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांत फोन आईवडलांबरोबर जातो आणि मूल आजीकडे किंवा वसतिगृहात असतं. एका जरी मुलाला जमणार नसेल तरी फोनवरचा गृहपाठ सक्तीचा करू नका.

आणि चिंतन. ‘विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला, तंत्रज्ञानामुळे पाठ रंजक झाला’ या वाक्यांनी कोणाचंच भलं होत नाही. चिंतन लिहायचं तर पाठ चालू असताना चार गोष्टी टिपून ठेवा. मागे बसलेल्या सोबतीच्या छात्राध्यापिकेला हे काम द्या. पडदा किती मिनिटं चालू होता? त्यातली किती मिनिटं मुलांच्या हातात पेन चालू होतं? पडद्यावर प्रश्न असताना बोलणारी मुलं किती आणि ती कोणत्या ओळीतली? चुकीची उत्तरं मुलाच्याच शब्दांत कोणती?

मग नोंद अशी होते: ‘स्टेलेरियम ११ मिनिटं. पहिल्या तीन थांब्यांना बाण काढणारे २९, चौथ्याला १७, कारण मी वेळ न देता कळ दाबली. घडीच्या कागदावर क ४० टक्के, अ निम्मे. एक उत्तर: “सावली पृथ्वीची नाही तर चंद्राचीच चंद्रावर पडते.” हे पूर्ण चूक नाही, या मुलीला अंधारी बाजू आणि पडलेली सावली यांतला फरक समजावून द्यायला हवा. लिंबाची कृती ढगांमुळे झाली नाही. पुढच्या शुक्ल अष्टमीला आकाश मोकळं असेल तर चारच्या सुट्टीत घेणार. पुढच्या वेळी बल्बची कृती आधी, पडदा नंतर.’ आकडे नमुन्याचे आहेत, साचा तुमच्यासाठी आहे.

दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये आंतरवासितेचे २० आठवडे मिळतात. अशा वीस-पंचवीस नोंदी हाती असल्या की शेवटचं चिंतन वेगळं रचावं लागत नाही: नोंदी समोर पसराव्यात, जिथे पडदा काढून टाकला तरी निकाल तोच लागला असता ते पाठ एका बाजूला, जिथे पडद्याशिवाय ती गोष्ट मुलांना दिसलीच नसती ते दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींच्या मधल्या पाठांबद्दल लिहायला सुरुवात करावी. मार्गदर्शक शिक्षकांना टाचण दाखवताना काही पाठांत ‘आयसीटीचा वापर’ रकान्यात ‘गरज नाही’ आणि पुढे एका ओळीत कारण लिहा. अपूर्णांकांच्या पहिल्या पाठाला भाकरीचे आणि कागदाच्या घड्यांचे तुकडे असतील तर ते कारण एका ओळीत मावतं.